अंकलचा वन्स मोअर

माझ्या आईने बाबांना आयुष्यात वन्स मोअर दिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाबा दिवसा पुण्यातल्या एका फॅक्टरीत कामाला आणि जयंतीच्या मोसमात गायन पार्टीत पेटीवर बसून गायचे. एप्रिल उजाडला की वस्त्यावस्त्यांतून बोलावणी यायची, निळ्या पताकांखाली स्टेज लागायचं आणि आई पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी ठोकून बसायची. बायकोने नवऱ्याचं चारचौघांत कौतुक करावं ही बाबांची अपेक्षा असेलही, पण ती तिने कधी मनावर घेतली नाही. बाबांचा सूर जरा हलला की ती शांतपणे पदर सारखा करायची. मागे पब्लिक शिट्ट्या मारतंय, ही आपली ढिम्म. आणि एखाद्या वेळी मात्र, टाळ्या पडायच्या आत, खणखणीत आवाजात म्हणायची, "वन्स मोअर!" त्या दिवशी घरी येताना बाबा सायकल चालवायचे नाहीत, उडवायचे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वॉलॉंगॉंगला जे झालं त्याचं मूळ तिच्या या खोडीत आहे.

ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या खाली समुद्रकाठच्या वॉलॉंगॉंगला मी शिकायला आले आणि राहिले. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी, नवरा, एक लेक, समुद्राकडे पाठ केलेलं छोटं घर. त्या घरात सामान लावत होतो त्या दिवशी खोक्यातल्या काचेच्या बश्या आपोआप किणकिणायला लागल्या. नवरा म्हणाला, पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये काहीतरी मोठं सुरू झालं असेल. मी भिंतीला हात लावला. स्टीलवर्क्स एवढं तालात नसतं. कुंपणापलीकडे कुणीतरी बेस गिटार वाजवत होतं.

ते अंकल. सगळी गल्ली त्यांना अंकलच म्हणायची. आपल्याकडे मित्राच्या वडिलांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळेच अंकल, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढे कळलं की त्यांच्या लोकांत हा मान आहे, आणि तो नुसतं वय झालं म्हणून मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अगदी वरच्या टोकाला, पापुआ न्यू गिनीच्या खाली जी बेटं आहेत त्यातल्या एका बेटावर त्यांचा जन्म. चर्चमध्ये आईच्या मांडीवर बसून गाणं शिकले. मिसरूड फुटायच्या आत बोटीत बसून मुख्य भूमीवर आले, रेल्वेचे रूळ टाकायच्या कामाला लागले, आणि कामगारांच्या वसतिगृहात कुणाच्या तरी टेपवर पहिल्यांदा रेगे नावाचं संथ डोलणारं संगीत ऐकलं. "मला वाटलं, माझ्या बेटावरचंच कुणीतरी गातंय," ते सांगायचे. "फक्त जरा चिडलेलं."

मग स्टीलवर्क्समधली नोकरी आणि स्वतःचा बँड. शुक्रवारी पबमध्ये रेगे, रविवारी चर्चमध्ये गॉस्पेल. पबवाले म्हणायचे, देवाची गाणी इथे नकोत. पाद्री म्हणायचा, ती पबमधली चाल इथे नको. अंकल दोघांनाही 'नो वरीज' म्हणायचे आणि पबमध्ये देव अन् चर्चमध्ये रेगे गायचे. एक कॅसेट निघाली, मग दोन सीडी. जुनाट व्हॅनमध्ये बँड कोंबून पार हजार किलोमीटरवरच्या टूवूंबापर्यंत दौरे झाले. एक गाणं रेडिओवर बरंच वाजलं. स्टार वगैरे ते कधीच झाले नाहीत. पण किनाऱ्यावरच्या गावांमधून अजूनही कुणीतरी पेट्रोल पंपावर त्यांना थांबवून ते गाणं गुणगुणून दाखवतं, हे मी स्वतः पाहिलंय.

ते गाणं म्हणजे त्यांचं धक्क्याचं गाणं. मुलगा बोटीत बसून निघालाय, आई धक्क्यावर उभी राहून त्याला हाका मारते आहे, आणि आवाज पोचेनासा झाला तरी मारतेच आहे. बस, एवढंच. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडी तशीच टाकून बाथरूममध्ये जाऊन रडले. परदेशात राहणाऱ्या बाईला असली गाणी ऐकवू नयेत.

मी ढोलकी शिकले ती बाबांच्या पार्टीच्या तालमीत लुडबूड करून. वॉलॉंगॉंगला ती ढोलकी कपाटावर असायची. एका शनिवारी दुपारी सहज काढून वाजवली, तर कुंपणावरून अंकलचं डोकं वर आलं. "पोरी, ते काय आहे ते घेऊन इकडे ये." गेले. बँड बसला होता, सुरू झाला, आणि मी सवयीने समेवर सणसणीत थाप मारली. सगळे थांबले. पुन्हा सुरू. पुन्हा माझी थाप. ड्रमवाला हसायला लागला.

भानगड अशी की रेगेत पहिली मात्रा मोकळी सोडतात. आमच्याकडे जिथे सगळे धावत येऊन भेटतात, नेमकी तीच जागा रिकामी! मला हे पचेना. पहिला घास पानात तसाच ठेवून जेवायला सुरुवात करावी तसं वाटायचं. "तिथे काही नको, पोरी," अंकल समजावायचे, "तिथे माणसाला श्वास घेऊ दे." हात आवरायला मला महिने लागले. पण मग मी त्यांच्या चर्चमधल्या बँडची कायमची ढोलकीवाली झाले. बौद्ध बाई, घरी सकाळी वंदना, रविवारी चर्चमध्ये ढोलकी. सिडनीतल्या गिरावीनच्या आमच्या मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, धर्म बदललास की काय?" मी म्हटलं, "नाही हो, फक्त ठेका बदलला."

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. सामानात चटण्या, मेतकूट आणि एका डबीत ज्येष्ठमधाच्या काड्या. बाबा गाण्याआधी ज्येष्ठमध चघळायचे. आता घरात कुणी गाणारं नव्हतं, तरी तिने ते आणलं होतं. एअरपोर्टवर तपासणीच्या बाईंनी ती डबी उघडून फार वेळ पाहिली. आईने त्यांच्यासमोर खोकून दाखवलं, गळ्यावर हात फिरवला आणि अंगठा वर केला. डबी सुटली.

आई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. इंग्रजी तिला वाचता येतं, पण बोलत नाही, चुकलं तर मुलं हसतील म्हणून. दुसऱ्याच दिवशी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि पलीकडे अंकलची तालीम चालली होती. ती चिमटा तोंडात धरून उभीच राहिली. आत येऊन म्हणाली, "पांढरी चारमध्ये गातोय हा माणूस, एवढ्या वरच्या पट्टीत. वय काय याचं?"

"सत्तरीला आले."

"मग हट्टी आहे." चिमटा ओट्यावर ठेवत म्हणाली, "पण सुरात आहे."

आईकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. संध्याकाळी ती ज्येष्ठमधाची एक काडी घेऊन कुंपणापाशी गेली आणि "भाऊ, घ्या," म्हणाली. अंकलनी काडी चावली, चेहरा उजळला. "लिकरिश!" ज्येष्ठमधाला तिकडे तेच म्हणतात. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि माझ्या भाषांतराची दोघांनाही फारशी गरज वाटायची नाही.

आणि मग अंकलच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. काढायलाच हवी होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आवाजाची नस गाठीला अगदी खेटून आहे, आम्ही जपू, पण आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही. अंकल माझ्याकडे कागदपत्रं घेऊन आले, मी फार्मसीवाली म्हणून. मी वाचलं आणि डॉक्टरांनी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. जास्त काय सांगणार? ते म्हणाले, "नो वरीज." त्यांच्या तोंडून हा शब्द एवढा पोकळ मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी ठरवलं, ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये शेवटचं गायचं आणि थांबायचं. नंतर घोगऱ्या आवाजात गाऊन लोकांची कीव घ्यायची नाही. अंकलची गिटार कधी तिच्या खोक्यात, केसमध्ये, नसायची. सोफ्यावर, खाटेवर, व्हॅनच्या पुढच्या सीटवर, कुठेही पडलेली असायची. त्या रविवारी त्यांनी माळ्यावरची काळी केस काढली, पुसली आणि स्टेजवर पायाशी उघडून ठेवली. बँडमधल्या आम्हा सगळ्यांना ती दिसत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आई पहिल्या रांगेत, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. मी विचारलं होतं, चर्चमध्ये येशील ना? म्हणाली, "मी देव मानत नाही, गाणं मानते. चल." आत गाणी सुरू झाली, सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि आईने घोटाळा केला. गॉस्पेलमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आईची टाळी समेवर, तीसुद्धा शाळेत वर्ग गप्प करायची असते तशी. तिच्या शेजारच्या दोघी गोंधळल्या, मग तिच्या बाजूने झाल्या. बघता बघता पहिली रांग एकीकडे आणि बाकीचं चर्च दुसरीकडे. मी ढोलकीवरून डोळे वटारले. तिने मलाच मान हलवून खूण केली की तुझं चुकतंय, सांभाळ!

शेवटी अंकलनी धक्क्याचं गाणं घेतलं. फार जपून गायले. एकेक ओळ घडी घालून ठेवत असल्यासारखी. संपलं. तिथे अशा वेळी टाळ्या पडत नाहीत, लोक हळू आवाजात 'आमेन' म्हणतात. म्हणाले. कुणीतरी नाक ओढलं. अंकल वाकले, त्यांनी गिटार केसमध्ये ठेवली.

"वन्स मोअर!"

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझी लेक आजीचा दंड धरून कुजबुजली, "आज्जी! यू कान्ट येल इन चर्च!"

"का?" आई म्हणाली. "देव झोपलाय का?"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून समजावलं की आमच्याकडे गाणं आवडलं की तेच गाणं पुन्हा मागतात.

"आत्ता?"

"आत्ताच. पहिल्यापासून."

"दुसरं नाही? हेच?"

"हेच."

ते केसकडे बघत उभे राहिले. मग माइकमध्ये म्हणाले, "मेट, मी आयुष्यभर गातोय. लोक म्हणाले, दुसरं गा. लोक म्हणाले, रेडिओवरचं गा. लोक म्हणाले, आवाज कमी कर, मॅच लागलीय. पण आत्ता ऐकलेलं लगेच परत ऐकायचंय, असं मला कुणी, कधीच म्हणालं नाही." आणि हसत सुटले. ते हसले म्हटल्यावर सगळं चर्च हसलं, आणि गिटार परत बाहेर आली. या खेपेला त्यांनी काही जपलं नाही. डोळे मिटले, आवाज सोडून दिला. मी एकदाही समेवर थाप मारली नाही, आणि आईने एकदाही टाळी वाजवली नाही. ती नुसती ऐकत होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, दुसऱ्यांदा चांगलं झालं का? आई म्हणाली, "पहिल्यांदा निरोप देत होते. दुसऱ्यांदा गाणं म्हटलं." पण गाणं संपल्यावर अंकलनी केसच्या कड्या लावल्याच, त्यांचा खट् खट् आवाज मला ढोलकीपाशी ऐकू आला होता.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, त्याचा आम्हाला एवढा आनंद झाला की आवाजाचं विसरायलाच झालं. अंकल घरी आले ते पाटीवर लिहून बोलत. आई लगेच ज्येष्ठमधाची डबी घेऊन निघाली. मी दारात आडवी आले. "जखम भरेपर्यंत काही द्यायचं नाही." म्हणाली, "तू गोळ्या विकतेस, तुला काय कळणार." डबी तिथे पोचलीच, पण मी अंकलना आधीच तंबी देऊन ठेवली होती. त्यांनी ती खिडकीत ठेवून दिली.

मग आईचा व्हिसा संपत आला. सिडनीच्या एअरपोर्टवर ती आत जाताना मी हात हलवत राहिले, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही हलवतच राहिले. त्या गाण्यात जातो तो मुलगा आणि धक्क्यावर राहते ती आई. आमचं उलटं झालं होतं. जी राहते तिचे हाल तेच. परतीच्या ट्रेनमध्ये डाव्या हाताला समुद्र होता, मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अंकलचा आवाज परत आला, पण वेगळाच आला. जाड, खरखरीत, मध्येच वारा शिरल्यासारखा. बोलायला काही अडचण नव्हती, पोस्टमनशी, टीव्हीशी भांडण व्यवस्थित सुरू झालं. गाण्याचा विषय काढला की मात्र 'नो वरीज' म्हणून वेगळंच बोलायचे. कुंपणापलीकडे इतकी शांतता की माझ्या बश्यांना धूळ बसली म्हणायची. आई दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि माझी, जावयाची, नातीची चौकशी उरकून विचारायची, "भाऊ गातात का?" मी म्हणायचे, नाही. "मग काय करतात?" मी विषय परत नातीवर न्यायचे. खरं तर मला भीती वाटायची. गाणारा माणूस गप्प होतो म्हणजे काय, हे मी बाबांच्या शेवटच्या वर्षात घरात पाहिलं होतं. पेटीवर बाबांनी कापड टाकलं होतं आणि त्यानंतर ते झपाट्याने खंगले.

एका रविवारी अंकल स्वतःच आले, हातात काळी केस. "ही तू ठेव, पोरी. माझ्याकडे नुसती पडून आहे. तुझी लेक शिकेल."

मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. आईच. पुण्यात सकाळ, मागे कुकरची शिट्टी. तिला सोफ्यावरची केस दिसली. "हे काय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन त्यांच्याकडे वळव." वळवला. "भाऊ, गा."

अंकलना तेवढं मराठी आता येत होतं. त्यांनी मान हलवली, गळ्याकडे बोट दाखवलं. "नो गुड, सिस. आवाज गेला."

"चांगलं गा असं कुठे म्हटलं मी? गा म्हटलं."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. अंकलनी केस मांडीवर ओढली. मग कड्या उघडल्या, गिटार काढली, जुळवली आणि धक्क्याचं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी कशाबशा गेल्या. जिथे गाण्यातल्या आईची हाक वर चढते तिथे आवाज फाटला. ते थांबले नाहीत, गाणं तसंच ओढत शेवटापर्यंत नेलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

फोनमधून काहीच आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं. मग आई म्हणाली, "नाही."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाली? मला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्या तोंडचा तो शब्द ओळखायला भाषांतर लागतंय कुठे? त्यांनी मान डोलावली, कधीचं ठाऊक असलेलं कुणी तरी बोलून दाखवल्यासारखी, आणि गिटार खाली ठेवायला लागले.

"ठेवताय काय?" आई ओरडली. "गळा नाही चुकला, पट्टी चुकली! पांढरी चार कशाला? त्यांना म्हणावं, खाली या. पांढरी एकमधून गा. आणि दम लागला तर लागू दे, थांबा तिथे. यांना सांगितलं होतं मी पट्टी उतरवा म्हणून, ऐकलं नाही, कापड टाकून बसले." हे 'यांना' म्हणजे बाबांना. इतकी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं.

मी लेकीच्या कीबोर्डवर सूर धरून दाखवला. अंकल म्हणाले, "मी हे गाणं तरुणपणापासून याच वरच्या सुरात गातोय."

मी तेही आईला सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा ते बोटीतला मुलगा होते. आता गाणं आईचं आहे. म्हातारी एवढ्या वर ओरडेल का?"

अंकल हसले नाहीत. त्यांनी बोटं खालच्या सुरावर नेली. मी ढोलकी काढली, न विचारताच. या सुरात तो खरखरीत आवाज खाली कुठेतरी जमिनीला टेकला. दम लागायचा तिथे ते थांबायचे, आणि ती थांबायची जागा बरोबर मोकळ्या मात्रेवर यायची. मी तिथे हात वर उचलून धरत होते. हाक आली ती वर चढली नाही. नुसती लांबवर गेली, जाता जाता विरली, आणि तरी संपली नाही. कपाटात बश्या किणकिणल्या. मी रडत होते आणि ठेका धरून होते, दोन्ही एकदम.

गाणं संपलं. अंकल फोनकडे बघत बसले. पुणे ते वॉलॉंगॉंग आवाज यायला जरा वेळच लागतो. आई चष्मा काढून पदराने पुसत होती. पुसून झाला, परत लावला.

"वन्स मोअर," ती म्हणाली.

अंकलनी ते गाणं त्या दुपारी किती वेळा म्हटलं ते विचारू नका, आईचा कुकर करपला एवढं नक्की. संध्याकाळी ते गिटार खांद्याला लावून कुंपणापलीकडे गेले. केस आमच्याच सोफ्यावर राहिली. घेऊन जा म्हणून मी कितीदा सांगितलं, तर म्हणतात, असू दे तुझ्याकडे, लागत नाही.